रान

जामखेड मागं पडलं आणि आकाश खाली उतरलं. अलिबागकडच्या माणसाला आकाश म्हणजे नारळाच्या झावळ्यांतून आणि आंब्याच्या फांद्यांतून तुकड्यातुकड्यांनी दिसतं ते. इथं ते रस्त्याच्या कडेपासूनच सुरू झालं होतं. मधे अडवायला एखादी बाभूळ, एखादा लिंब. लांब बालाघाटाची सपाट माथ्याची रांग आणि तिच्यावर कंटाळल्यासारख्या फिरणाऱ्या पवनचक्क्या.

“सांगितलं होतं ना,” माझी मैत्रीण म्हणाली. “आमच्याकडं पाखरांना लपायला जागाच नाही.”

ती माझ्याच शाळेतली. पंचवीस वर्षं तिनं समुद्रकाठच्या मुलांना गणित शिकवलं. आमची तांदळाची भाकरीही मुकाट्यानं खाल्ली, पण हिला भाकरी म्हणायचं का, हा प्रश्न तिच्या चेहऱ्यावरून कधी पुसला गेला नाही. नेकनूर हे तिचं माहेर. संक्रांतीच्या आगेमागे ती जाते, यंदा मी तिच्या मागं लागले. बारा वर्षं मी लहान पक्ष्यांचे फोटो काढते आहे आणि त्यातली निम्मी वर्षं पानं चुकवण्यात गेली आहेत. आमच्याकडचा शिंपी जास्वंदीच्या पोटात बसतो. शिंजीर केळफुलात डोकं खुपसतो. सुभगाची शीळ समोरून येते आणि तो स्वतः मागच्या झाडात असतो. फ्रेममध्ये पक्षी एक, पानं चारशे. त्यामुळे माझं सगळं शिक्षण वजाबाकीचं. लेन्सचं तोंड पूर्ण उघडायचं, म्हणजे पक्ष्याचा डोळा आणि चोच तेवढी धारदार येते, मागचं सगळं विरघळतं. डोक्यामागं एखादं पान चमकत असेल तर आपण वीतभर सरकायचं. वाळकी काडी गळ्यातून आरपार गेल्यासारखी दिसली की गुडघे वाकवायचे. शेवटी उरतो एकटा पक्षी आणि त्याच्यामागं साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत हिरवा रंग. फोटोंच्या स्पर्धांत त्याला ‘स्वच्छ पार्श्वभूमी’ म्हणतात. असे शेकडो स्वच्छ फोटो माझ्याकडे आहेत. ते कुठं काढले, हे तारीख बघितल्याशिवाय मलाही सांगता येत नाही.

सौताड्याला थांबलो. पावसाळ्यात विंचरणा नदी इथं खोल दरीत उडी घेते. आता जानेवारीत कड्यावरून पाण्याची एक बारीक वेणी तेवढी लोंबत होती. टपरीवर चहा मागितला, तर चहावाल्यानं आधी पाण्याचा तांब्या पुढं केला. आमच्याकडं गिऱ्हाइकानं मागितलं तर पाणी येतं. इथं कुणाच्याही दारात उभं राहा, नाव विचारायच्या आधी पाणी. टँकरच्या मुलखात पाण्याचा हात इतका सैल कसा, हे मला तीन दिवसांत उलगडलं नाही.

गळ्यातला कॅमेरा बघून चहावाला म्हणाला, “मोराला आलाव व्हय? नायगावला जा की.”

पाटोदा तालुक्यातलं नायगावचं मयूर अभयारण्य त्याच रस्त्यानं जाताना लागतं. १९९४ साली जाहीर झालेलं, तीस चौरस किलोमीटरला थोडं कमी. मी म्हटलं, मोर नको, लहान पक्षी हवेत. त्यानं जरा विचार केला. “लहान म्हंजे? मोराची पिल्लं?”

त्याच्या पाठीमागं कुडाच्या टोकावर एक चिरक बसला होता. नर, काळाभोर, पंखावर पांढरा डाग. शेपटी पाठीवर उलटी उभी केली की तिच्याखाली विटकरी ठिपका दिसतो. मी बोट दाखवलं.

“हे व्हय,” तो म्हणाला. “हे रोजचंच की.”

मांजरसुंब्याला रबडी खाल्ली. तिचा फोटोग्राफीशी काही संबंध नाही, पण उल्लेख न करता पुढं जाणं कृतघ्नपणा होईल.

नेकनूरला पोचलो तेव्हा दिवस कलला होता. नेक म्हणजे चांगला, नूर म्हणजे उजेड, तेज. निजामाच्या राज्यातलं जुनं गाव, नावातही ती भाषा मुरलेली. शब्दांची अशी फोड केली की फोटो काढणाऱ्या बाईला याहून चांगला पत्ता मिळणार नाही. उजेडही नावाला जागला. आमच्या समुद्रकाठी हवेत पाण्याची वाफ असते, संध्याकाळचं ऊन दुधातून गाळल्यासारखं येतं. इथलं ऊन कोरडं, तिरपं. भिंतीतला एकेक दगड, म्हशीच्या पाठीवरचा एकेक केस वेगळा काढून दाखवणारं.

मैत्रिणीच्या भावाला मी भाऊच म्हणायचं ठरवलं आणि वहिनींना वहिनी. भावाची आई सगळ्या गावाची आक्का होती. ओसरीवर चहा झाला. मी उत्साहानं जाहीर केलं, “उद्या पहाटे रानात जाईन म्हणते.”

“कुणाच्या?” भाऊंनी विचारलं.

“कुणाच्या म्हणजे?”

“म्हंजे आपल्या, का चुलत्याच्या? चुलत्याचं लांब पडतंय.”

मैत्रीण हसायला लागली. आमच्याकडं रान म्हणजे जंगल. ते कुणाचं नसतं, फार तर वनखात्याचं. शेताला आम्ही शेत म्हणतो. बीडकडं रान म्हणजे शेतच. ते कुणाचं तरी असतंच आणि कुणाचं हे आधी विचारायचं असतं. तीन दिवसांत हा प्रश्न मला इतक्यांदा आणि इतक्या तऱ्हांनी विचारला गेला की शेवटी कॅमेऱ्यातून बघतानाही तो कानात वाजायला लागला.

पहाटे बंकटस्वामी महाराजांच्या मठाच्या बाजूनं टाळ ऐकू येत होते, त्याआधी अजान होऊन गेली होती. दोन्हींच्या मधल्या शांततेत घरामागच्या बोरीत एक वटवट्या सुरू झाला. चिमणीहून लहान, शेपूट मात्र लांब, आणि नाव ठेवणाऱ्यानं अजिबात दयामाया दाखवलेली नाही. मराठीत पक्ष्यांना नावं ठेवताना लोकांनी शेजाऱ्यांना ठेवतात तशीच ठेवली आहेत. वटवट्या, गप्पीदास, खाटीक, कोतवाल, वेडा राघू. नुसती हजेरी घेतली तरी गल्ली उभी राहते.

भाऊंची ज्वारी हुरड्यात आली होती. शेताच्या मधोमध चार लाकडांचा माळा, त्यावर शेजारचे तात्या गोफण घेऊन उभे. दोन्ही रानांची पाखरं तेच राखतात. खाली बांधावर जुन्या कॅसेटची फीत ताणून बांधलेली, वारा आला की ती घूं करते. एके काळी तिच्यात भीमगीतं होती की भारूडं, कुणास ठाऊक. आता ती सगळ्या पाखरांसाठी एकच सूर लावते.

मी बांधाला बसले. ज्वारीवर मनोल्या उतरल्या. पांढऱ्या कंठाची मनोली जेमतेम अकरा सेंटिमीटरची, अंगठ्याएवढं धूड, करड्या मातीचा रंग आणि चोच मात्र निळसर, भक्कम, दाणा फोडायच्या कामाची. कणसावर एक बसली की कणीस वाकतं, दुसरी बसली की डोलतं. माझ्या दृष्टीनं हे सोनं होतं. कणीस एक, पक्षी एक, मागं चाळीस पावलांवर हिरवी ज्वारी. पक्षी आपल्याजवळ आणि मागचं त्याच्यापासून लांब असलं की धूसर व्हायला वेळ लागत नाही. तासाभरात साठ फोटो झाले.

आणि दर दहा मिनिटांनी वरून ‘हाऽऽ हुर्र’ आणि गोफणीचा फटकारा. सगळी मंडळी भुर्रकन पलीकडं.

मी एकदा कळवळून म्हटलं, “तात्या, एक पाच मिनिटं थांबा ना.”

“तुमी फोटू काडताव, ती कणीस काडत्यात,” तात्या म्हणाले. “पाच मिनिटात किती जातंय म्हायती हाय का?”

त्यांचं खरं होतं. आम्ही दोघं एकाच पाखरावर नेम धरून बसलो होतो. त्याला पिटाळण्यावर त्यांचं पोट चालत होतं, माझी हौस मात्र ते जागचं हललं नाही तरच भागणार. मग मी त्यांच्याकडंच बघत बसले. तात्या पाखरावर दगड मारत नव्हते. थवा उठला की तो कुठं जाणार हे त्यांना आधीच दिसत असे आणि ढेकूळ त्याच्या पुढच्या जागेत जाऊन पडे. मी विचारलं तेव्हा म्हणाले, “पाखराला हाणून काय करायचंय? ते जिथं बसणार हाय तिथं आपण आधी पोचायचं.” फोटो काढणाऱ्यांना पहिल्याच आठवड्यात शिकवतात ते हेच. पक्ष्याचं तोंड ज्या बाजूला, तिकडं मोकळी जागा जास्त ठेवा, नाहीतर तो चौकटीवर नाक आपटल्यासारखा दिसतो. मला ते पुस्तकातून कळलं होतं. तात्यांना गोफणीतून.

भोरड्यांचा मोठा थवा आला तेव्हा मात्र तात्या माझ्याशी बोलायचे थांबले. गुलाबी पाठीचे, काळ्या डोक्याचे हे पाहुणे मध्य आशियातून येतात. तिकडं टोळ-नाकतोड्यांवर पिल्लं वाढवतात आणि हिवाळ्यात आपल्याकडं ज्वारीवर ताव मारतात. हजारभर भोरड्या एकदम वळल्या की आकाशाला सुरकुती पडते. मी लेन्स वर केली आणि खाली घेतली. हजार पक्ष्यांचा फोटो हा वेगळा विषय आहे, आणि तात्यांच्या चेहऱ्याकडं बघून ‘काय सुंदर’ म्हणायची हिंमत झाली नाही.

न्याहारीला बांधावरच आगटी पेटली. गोवऱ्यांच्या आरात कणसं भाजायची, गरमागरम तळव्यावर चोळायची, फुंकर मारून कोंडा उडवायचा आणि जे हिरवे टपोरे दाणे उरतात ते शेंगदाण्याच्या चटणीबरोबर, गुळाबरोबर तोंडात टाकायचे. माझे तळवे तिसऱ्या कणसाला लाल झाले. वहिनींनी मग मला नुसतं खायला बसवलं आणि स्वतः चोळत राहिल्या. याच दिवसांत आमच्याकडं पोपटी लागते. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, तोंड बंद करून मडकं उलटं जाळात. पोपटी रात्रीची, गोतावळा जमवून, गाणीबिणी म्हणत. हुरडा सकाळचा, रानात, आणि ज्याच्या रानात त्याच्या हातचा. फुंकर मारताना वहिनी चार दाणे मुद्दाम बाजूला बांधावर टाकत होत्या. विचारलं तर म्हणाल्या, “त्यांचंबी हाय की.” तिकडं माळ्यावर तात्यांची गोफण चालूच होती.

दुपारी ओसरीवर मी कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर सकाळची कमाई दाखवली. सगळ्यांत चांगला फोटो आधी. मनोली कणसावर, मान किंचित माझ्याकडं वळलेली, डोळ्यात सूर्याचा ठिपका, मागं निर्मळ हिरवं. आक्कांनी डोळे बारीक केले.

“माय गं! केवढी मोठी चिमणी. अन् मागं कुणाचं पातळ वाळत घातलंय?”

“पातळ नाही आक्का, ज्वारी आहे.”

भाऊंनी कॅमेरा हातात घेतला. “कुणाचं रान हे?”

“आपलंच. सकाळचं.”

“आपलं कुठंय? बांध न्हाई, माळा न्हाई, लिंब न्हाई.” त्यांनी कॅमेरा त्यांच्या मुलाकडं दिला. सातवीतलं पोरगं. त्यानं एक नजर टाकली आणि निकाल दिला, “मावशी, हे नेटवरचं हाय.”

कुणी वाईट मनानं म्हणालं नव्हतं. पण बारा वर्षांत माझ्या फोटोंवर झालेली ही सगळ्यांत नेमकी टीका. मी नेकनूरला दोनशे मैल येऊन असा फोटो काढला होता, जो अलिबागला घरामागं निघाला असता. ही माणसं फोटोत आधी जागा शोधतात, मग ती जागा कुणाची ते बघतात, आणि पाखरू शेवटी. मी नेमकं तेच कष्टानं, महागाची लेन्स वापरून पुसून टाकत आले होते.

दुसरा दिवस बाजाराचा. नेकनूरचा जनावरांचा बाजार आसपासच्या गावांत ओळखीचा. कासरे, म्होरक्या, घुंगुरमाळा, पितळी तोडे, रंगवलेली शिंगं, धूळ आणि सगळीकडून हंबरणं. एका तरुण विक्रेत्याची बैल उभा करायची रीत मी अर्धा तास बघत राहिले. बैलाचे पुढचे पाय त्यानं हातभर उंचवट्यावर घेतले, म्हणजे वशिंड आणि छाती उठून दिसते. म्होरकी वर ओढून मान ताठ केली. ऊन बैलाच्या बगलेवर येईल असा तो किंचित फिरवला. आणि मग स्वतः अर्धं पाऊल मागं सरकला, चौकटीतून बाहेर. माझ्या कुठल्याही गुरूनं इतकं सफाईनं शिकवलं नव्हतं.

गिऱ्हाईक मात्र म्हातारं आणि पोचलेलं. त्यानं ही सगळी मांडणी बघितली, मान डोलावली आणि शांतपणे बैलाच्या दुसऱ्या बाजूला गेलं. मग मागं. मग बैल उंचवट्यावरून खाली उतरवायला लावला, दहा पावलं चालवला. भाव रुमालाखाली ठरला, बोटांनी. दोघांच्या तोंडावर काही नाही, रुमाल तेवढा हलत होता. बैल शेवटी गेला की नाही ते कळलं नाही, कारण एका चाचांनी मला हटकलं. “कायके फोटू लेरे? पवनचक्की का सर्वे है क्या?” लहान पक्ष्यांचे म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडं जरा काळजीनं बघितलं आणि मुलाला चहा आणायला पाठवलं. चहा होईपर्यंत सांगत होते, मशिदीच्या अंगणात लिंबावर तांबट आहे, दिवसभर ठोकतो, या हवं तर. मी आधी मागं काय दिसतं ते विचारलं. ही नवी सवय एका रात्रीत लागली होती. “मागं? मागं हमारा घर.”

दुपार उतरल्यावर आम्ही गावाबाहेरच्या बरडावर गेलो. खडकाळ, मुरमाड जमीन, वीतभर वाळकं गवत, मधेमधे सीताफळाची झुडपं. बालाघाटाच्या या असल्या उतारांवर सीताफळ आपोआप येतं. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. पण मी आले होते डोंबाऱ्यासाठी. हा चंडोलांतला एक, तेरा सेंटिमीटरचा. नराची पाठ राखी, पोट काळं कुळकुळीत. मातीवर बसला की ढेकूळ. हंगामात आला की उभा वर चढतो, पंख मिटून दगडासारखा खाली सुटतो, जमिनीवर आपटणार असं वाटताना पुन्हा उसळी घेतो, सोबत एक लांब शिट्टी. दोरीशिवायचा डोंबारी.

असल्या पक्ष्याला उभ्यानं टिपलं तर फोटोत नुसती माती येते आणि मातीत एक डाग. म्हणून आडवं पडायचं. कॅमेरा पक्ष्याच्या डोळ्याच्या उंचीला आला की जमीन एकदम बदलते. समोरचे खडे डोंगर होतात, गवताची काडी बाभळीएवढी दिसते आणि तो तेरा सेंटिमीटरचा प्राणी त्या मुलखाचा मालक वाटायला लागतो. मी पालथी पडले, कोपरं मुरमात रुतवली आणि श्वास रोखून बसले. दहा मिनिटं झाली असतील. मागून धावत पावलं आली. शेळ्या राखणारी एक मुलगी पाण्याची बाटली घेऊन उभी. “मावशे! काय झालं गं? चक्कर आली का?” डोंबारी उडाला. मैत्रिणीनं समजावून सांगितल्यावर ती मुलगीही माझ्या शेजारी पालथी पडली आणि कॅमेऱ्यातून बघितलं. बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “आमच्या शेळ्या केवढ्या दिसायल्या!”

शेळ्या मागं होत्या. माझ्या मते त्या हटायला हव्या होत्या.

डोंबारी परत आला तेव्हा मी लेन्सचं तोंड बारीक केलं आणि मोठी लेन्स काढून लहान लावली. हे सांगायला सोपं आहे. लहान लेन्सनं पक्षी ठिपका होतो, आणि त्या ठिपक्याला सगळ्या देखाव्यात हरवू द्यायचं नाही हे खरं अवघड काम. त्याच्यामागं रिकामा तुकडा शोधावा लागतो, आकाशाचा किंवा एकसारख्या गवताचा, म्हणजे त्याची आकृती कापलेल्या कागदासारखी सुटी दिसते. क्षितिजाची रेघ त्याच्या मानेतून जाता कामा नये. पवनचक्की त्याच्या डोक्यातून उगवता कामा नये, आणि बालाघाटावर ही भीती पावलोपावली. काळ्या पोटावर उजेड मोजायला गेलं की माती पांढरीफटक होते आणि मातीवर मोजला तर पोटाची नुसती शाई. आमच्याकडं पानं वजा करत होते, इथं एकेक गोष्ट बेरजेत धरायची आणि बेरीज चुकू द्यायची नाही. चाळीस फोटोंत दोन बरे. त्यातल्या एकात शेळ्या आहेत.

परतताना दगडावर एक तुरेवाला चंडोल दिसला, तांबूस, आखूड तुऱ्याचा. कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं १८३२ साली दख्खनच्या पक्ष्यांची यादी छापली, त्यात या चंडोलाची पहिली नोंद. त्याच्या शास्त्रीय नावात साइक्सनं ‘देवा’ हा शब्द घातला. इथं लोकांना त्याचं नाव विचारलं तर ‘चंडूल’ म्हणतात आणि पुढं जातात.

तिसऱ्या दिवशी विहीर. भाऊंच्या रानाच्या टोकाला दगडी बांधणीची, आत वाकलेल्या बाभळीवर सुगरणींची गेल्या पावसाळ्यातली खोपी लटकलेली, पिवळी पडून करडी झालेली. सुगरणी कधीच गेल्या, पण खोपी रिकामी नव्हती. मनोल्या त्यात मुक्काम करतात. दुसऱ्यानं विणून ठेवलेल्या घरात हिवाळ्याची रात्र काढायची. अंधार पडायच्या आधी त्या एकेक करून बोगद्यातून आत शिरत होत्या. भाऊ म्हणाले, गावातलीसुद्धा कितीतरी घरं आत्ता अशीच. दिवाळीनंतर माणसं ऊसतोडीला गेली, कुलूप लावलेल्या घरांच्या पडवीत शेजाऱ्यांच्या शेळ्या बांधलेल्या.

सुगरण म्हटलं की मला आमचं किहीम आठवतं. १९३० साली सालिम अली तिथं समुद्राकाठी राहत होते आणि घराशेजारच्या विहिरीजवळच्या सुगरणींवर शिडी लावून नजर ठेवून होते. नर अर्धवट खोपा बांधतो, मादी येऊन तपासते, पसंत पडला तर राहते आणि नर लगेच दुसरा बांधायला घेतो, हे त्यांनी तिथं टिपलं. पुढच्याच वर्षी ते निजामाच्या राज्यातल्या पक्ष्यांच्या पाहणीला निघाले. हैदराबाद संस्थानाची ती पाहणी १९३१-३२ची, आणि मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता. म्हणजे किहीमहून इकडं यायची वाट माझ्या आधी शंभरेक वर्षं मळलेली होती. मैत्रिणीला हे सांगितलं तर म्हणाली, “त्यांना काय रबडी मिळाली नसेल.”

सालिम अलींचे एक मित्र होते, लोक वान थो. मलायातले सिनेमागृहांचे मालक, युद्धात निर्वासित होऊन मुंबईत आले आणि पक्ष्यांच्या फोटोंच्या नादी लागले. त्यांचं ‘अ कंपनी ऑफ बर्ड्‌स’ हे पुस्तक १९५७चं. त्या काळी फिल्म मंद, कॅमेरे जड. मग पक्षी हमखास एका जागी परत येणार अशी जागा म्हणजे घरटं. त्याच्यासमोर आडोसा उभारून तासन्‌तास बसायचं. फ्रेम आधी बांधून ठेवायची आणि पक्ष्यानं येऊन ती भरायची. आता घरट्याजवळ कॅमेरा नेऊ नये असं आम्ही एकमेकांना बजावतो, कारण माणसाच्या पाऊलवाटेनं कावळा आणि मुंगूसही येतात. मोबाइलवर त्याच पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलवायचं, हेही तसलंच. तो प्रतिस्पर्धी आला समजून जीव तोडून येतो आणि आपल्याला छान फोटो मिळतो. पण आधी फ्रेम बांधायची आणि मग वाट बघायची, ही जुनी रीत मला अजूनही पटते. वेडा राघू माशी धरून परत त्याच तारेवर येतो. गप्पीदास त्याच खुंट्यावर. तो गेला की पाठलाग करायचा नाही. खुंटा, त्याच्यामागचं रान, वरचं आकाश जुळवून ठेवायचं आणि त्याला परत यायला जागा सोडायची.

तसाच एक फोटो मी त्या शेवटच्या संध्याकाळी काढला. गव्हाच्या बांधावर पाण्याच्या पाइपला आधार म्हणून रोवलेली मेढ, तिच्यावर गप्पीदास. काळा नर, पंखात पांढरी पट्टी, डाव्या बाजूला अगदी कडेला, रानाकडं तोंड करून. त्याच्यापुढं सगळी जागा रानाची. हिरवा गहू, वाफे, त्यांच्यामधून उन्हात चमकणारं पाणी, लिंब, लांब माळ्यावर तात्यांची काडीएवढी आकृती आणि त्याच्यामागं डोंगराची रांग. पक्षी लहानच होता. पण नजर आधी त्याच्यावर जायची आणि मग तो बघत होता तिकडं.

रात्री जेवणं चालली होती, ज्वारीची भाकरी, पिठलं, मिरचीचा खरडा. मी कॅमेरा न बोलता आक्कांच्या हातात दिला. त्यांनी तो दिव्याजवळ धरला.

“हे आपलं रान,” आक्का लगेच म्हणाल्या. “हा लिंब. हा तात्या.”

“नेटवरचं न्हाई,” पोरग्यानं मान्य केलं.

“अन् पाखरू?” मी विचारलं.

“हाय की बसलेलं. राहू दे.” त्यांनी कॅमेरा वहिनींकडं दिला. वहिनींनी पोरग्याला विचारून ते चित्र मोठं करून घेतलं. मला वाटलं, आता त्या गप्पीदासाकडं जाणार. त्या उजवीकडं गेल्या, अगदी कोपऱ्यात, जिथं मी चमकणाऱ्या पाण्याची एक तिरपी रेघ मुद्दाम फ्रेममध्ये घेतली होती. त्या रेघेवर मी जरा खूशच होते.

वहिनींनी भाऊंकडं बघितलं. “अवो, हे बघा. दार फुटलंय. पाणी चुलत्याच्या रानात चाललंय.”

भाऊंनी वाकून बघितलं. तोंडातला घास तसाच. “मोटर चालूच हाय की अजून,” म्हणाले आणि उठले. चपला शोधल्या, खोरं घेतलं. पोरग्याला अभ्यास होता. बॅटरी माझ्या हाताशी होती, मीच निघाले.

बांधावर गारवा होता. बाभळीवरच्या खोप्यात मनोल्या गप्प. भाऊंनी आधी मोटर बंद केली, मग पाण्यात उतरून फुटलेल्या जागेवर चिखल ओढायला लागले. मी वर उभी राहून बॅटरी धरली, पण उजेड भलतीकडंच पडत होता.

“इकडं, ताई,” भाऊ म्हणाले. “पाण्यावर न्हाई, बांधावर. थोडं डावीकडं. अजून जरा. हां, बास.”